स्टेअरिंगखालचा खटका आणि दोन सेकंद

गेल्या वर्षी आम्ही एक वापरलेली गाडी घेतली. महिन्याभरात फ्यूज उडाला म्हणून ओळखीच्या इलेक्ट्रिशियनना बोलावलं. त्यांनी स्टेअरिंगखालचं प्लास्टिकचं झाकण काढलं, तेव्हा आत एक छोटा काळा खटका दिसला. बसल्या जागेवरून डाव्या हाताचं बोट सहज पोचेल, पण डोळ्यांना अजिबात दिसणार नाही अशी जागा. त्याला दोन वायरी होत्या. फिकट हिरवी वायर वर स्टिरिओकडे गेलेली, काळी वायर डॅशबोर्डमागच्या लोखंडी पट्टीवर बोल्टखाली आवळलेली. खटका खाली केला की हँडब्रेक सोडलेला असतानाही स्क्रीनवर व्हिडिओ चालू. वर केला की पडदा काळा आणि सूचना: गाडी थांबवा, हँडब्रेक ओढा.

"पुष्कळ जण करून घेतात साहेब," ते म्हणाले. "नुसतं अर्थिंग तर द्यायचं असतं."

त्यांचं म्हणणं खरं आहे. चालत्या गाडीत व्हिडिओ बंद ठेवणारं हे कुलूप फोडायला फारशी अक्कल लागत नाही. पण हे कुलूप कसं काम करतं आणि ते नेमकं कशासाठी आहे, हे समजल्यावर त्या बोटभर खटक्याकडे बघण्याची माझी नजर बदलली.

गाडी चालते आहे की उभी आहे, हे बाजारातून बसवलेल्या स्टिरिओला मुळात कळत नाही. त्याला एकच गोष्ट तपासता येते: हिरव्या वायरीवर अर्थ, म्हणजे अर्थिंग, आहे का? गाडीची सगळी लोखंडी बॉडी म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह. हँडब्रेकच्या दांड्याच्या मुळाशी एक दाबबटण असतं. दांडा खाली असला की ते दाबलेलं राहतं आणि संपर्क तुटलेला असतो. दांडा ओढला की बटण सुटतं, वायर बॉडीला जोडली जाते, मीटरमधला लाल दिवा लागतो. स्टिरिओची हिरवी वायर याच दिव्याच्या वायरीला जोडायची असते. अर्थ मिळाला म्हणजे हँडब्रेक ओढलेला, हँडब्रेक ओढलेला म्हणजे गाडी उभी, अशी त्याची समजूत. ओळखीच्या माणसाचा आवाज आला म्हणून दार उघडावं आणि बाहेर कोण उभं आहे हे बघूच नये, तसं हे. पुढे कंपन्या शहाण्या झाल्या. काही स्टिरिओ नुसता अर्थ बघून समाधान मानत नाहीत, ब्रेक ठरावीक क्रमाने लागला-सुटला का तेही तपासतात. त्यावर बाजाराने तोच क्रम वठवून दाखवणारं नखाएवढं सर्किट काढलं.

कारखान्यातूनच स्क्रीन बसवून आलेल्या गाडीत पुरावा पक्का असतो, कारण तो थेट चाकाकडून येतो. प्रत्येक चाकाच्या आत दात्यांचं किंवा चुंबकीय पट्ट्यांचं एक कडं फिरतं आणि त्याच्यासमोर एक सेन्सर बसलेला असतो. वीज वाहत असलेला वाहक चुंबकीय क्षेत्रात ठेवला की त्यात आडव्या दिशेने व्होल्टेज तयार होतं, हे एडविन हॉल यांनी १८७९ साली दाखवलं. आज बहुतेक गाड्यांचे चाक-सेन्सर त्या किंवा तशाच चुंबकीय परिणामावर चालतात. समजा कड्याला ४८ दाते आहेत आणि टायरचा घेर १.९ मीटर. म्हणजे गाडी सुमारे ४ सेंटिमीटर सरकली की एक ठोका. ताशी ८० किलोमीटरला सेकंदाला साडेपाचशेहून जास्त ठोके. हे ठोके मुळात ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या एबीएससाठी मोजले जातात, पण त्यातून निघालेला वेग साऱ्या गाडीला सांगितला जातो.

तो सांगण्याची वाट म्हणजे कॅन बस. बॉश कंपनीने १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या अधिवेशनात मांडलेली ही पद्धत. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन वायरी, आणि गाडीतले सगळे छोटे संगणक त्यांवर बोलतात नि ऐकतात. वेगाचा आकडा सेकंदात अनेकदा पुकारला जातो. स्पीडोमीटर तो ऐकतो, दारांचं लॉक ऐकतं, स्क्रीनही ऐकते. मात्र जुन्या कॅनच्या संदेशात तो कोणी पाठवला याची सही नसते. ही व्यवस्था आखली गेली तेव्हा वायरीवर बोलणारा प्रत्येक जण घरचाच होता. त्यामुळे स्क्रीन आणि बस यांच्यामध्ये एक डबी बसवून "वेग शून्य" असं सतत सांगत राहिलं, तर स्क्रीन बिचारी विश्वास ठेवते.

जपानमध्ये अशा जोडण्यांचा मोठा बाजार आहे. तिथे मोटारीत टीव्ही असणं जुनी गोष्ट आहे, आणि गाडी हलली की चित्र जाऊन फक्त आवाज राहावा असा तिथल्या वाहन उत्पादकांचा संकेत. तो मोडून देणाऱ्या कित्येक किटच्या माहितीत एक इशारा असतो: टीव्ही चालू असताना नकाशावरची तुमची जागा चुकू शकते. कारण साधं आहे. अंगभूत नकाशा उपग्रहाचा सिग्नल तुटला की चाकांचे ठोके आणि वळणाचा अंदाज घेणारा जायरो यांच्या भरवशावर पुढे सरकतो. बोगद्यात तर त्याला दुसरा आधारच नसतो. मुंबईच्या किनारी रस्त्याचा २ किलोमीटरचा बोगदा असो की समृद्धीवरचा इगतपुरीजवळचा जवळपास ८ किलोमीटरचा, वेग शून्य आहे असं ज्याला पटवलं तो नकाशा बोगद्याच्या तोंडाशीच थांबून राहील. एका कुलपाला फसवायचं म्हटलं की त्याच साखळीतल्या दुसऱ्या कड्यालाही फसवावं लागतं.

हे झालं वायरीचं. आता डोळ्यांचं, आणि माझ्या मते खरा विषय तोच आहे.

डोळ्याचा जो भाग बारकावे टिपतो तो फार लहान आहे. हात लांब करून अंगठा धरा. नखाएवढी, म्हणजे साधारण २ अंशांची जागा तेवढी आपल्याला एका वेळी स्वच्छ दिसते. बाकीचं सगळं दृश्य धूसर असतं आणि नजर भरभर फिरवून मेंदू ते जुळवून दाखवतो. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, स्क्रीन डाव्या हाताला खाली. तिकडे बघायचं म्हणजे नजरेची झेप घ्यायची, झेपेदरम्यान मेंदू दृश्य जवळपास बंद ठेवतो, मग शंभर मीटरवर स्थिरावलेलं भिंग पाऊण मीटरवर आणायचं. परत येताना हेच उलट. चाळिशी लागलेल्यांना हा फोकस बदलायला आणखी वेळ लागतो, हे वर्तमानपत्र वाचता वाचता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून कोणीही पडताळावं.

अमेरिकेत व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी १०० गाड्यांत कॅमेरे बसवून लोकांचं रोजचं चालवणं नोंदवलं होतं. २००६ मध्ये त्याचं विश्लेषण आलं: नजर एकूण २ सेकंदांहून जास्त रस्त्यावरून हटली, की अपघाताचा किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका किमान दुप्पट होतो. २०१३ साली तिथल्या रस्ते-सुरक्षा संस्थेने कंपन्यांसाठी ऐच्छिक मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही हाच आकडा आहे. कुठलंही काम एका वेळी २ सेकंदांच्या नजरेत आणि एकूण १२ सेकंदांत उरकलं पाहिजे. न उरकणारी कामं चालत्या गाडीत बंद. व्हिडिओ तर सरसकट बंद. जपानच्या उत्पादक संघटनेने हीच एकूण मर्यादा ८ सेकंदांवर ठेवली आहे.

दोन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. म्हणून एक हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. द्रुतगती मार्गावर तुम्ही ताशी १०० किलोमीटरने चालला आहात, म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. समोर १०० मीटरवर तुमच्याच लेनमध्ये एक ट्रक बंद पडून उभा आहे. कोरडा रस्ता, बरे टायर, तर ब्रेक लागल्यापासून गाडी थांबायला साधारण ५६ मीटर लागतात. नजर रस्त्यावर असली तर ट्रक ओळखून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरू, त्यात २८ मीटर गेले. गाडी ट्रकच्या १६ मीटर अलीकडे थांबते. घाम फुटेल, पण घरी जाल.

आता नजर नेमकी त्या क्षणी २ सेकंद स्क्रीनवर होती असं धरा. ५६ मीटर न बघता गेले. मान वर केली तेव्हा ट्रक ४४ मीटरवर. एक सेकंद ओळखण्यात गेला, उरले १६ मीटर. तेवढ्यात ब्रेक कितीही दाबला तरी गाडी ट्रकवर आदळते तेव्हा तिचा वेग ताशी ८४ किलोमीटरच्या आसपास असतो. १०० वरून फक्त ८४. हा आकडा मी तीनदा तपासला.

"पण डोळ्याच्या कडेने दिसतंच की," असं कोणी म्हणेल. कडेची नजर हालचाल चांगली टिपते हे खरं. बाजूने कुत्रं धावलं तर ती सावध करते. पण समोर उभा असलेला ट्रक आडवा हलत नाही, तो फक्त मोठा होतो. अडीच मीटर रुंदीचा ट्रक १०० मीटरवरून दीड अंशाएवढा दिसतो. दोन सेकंदांनी तो सव्वातीन अंशांचा झालेला असतो. अंतर निम्मं झालं की आकार दुप्पट, त्यामुळे खरी वाढ शेवटच्या क्षणांत एकदम होते. धूसर कडेला दीड अंशाचे सव्वातीन अंश होणं मेंदू सहज सोडून देतो, आणि जेव्हा ते सोडण्यासारखं राहत नाही तेव्हा हातात सेकंदभरही नसतो.

शिवाय चलचित्र आणि नकाशा यांत मोठा फरक आहे. नकाशावर एक कटाक्ष टाकला की काम संपतं, पुढचं वळण कळलं. चित्रपट किंवा क्रिकेटचा सामना कधीच "संपत" नाही. दर काही सेकंदांनी दृश्य बदलतं आणि अचानक बदलाकडे वळणं हा मेंदूचा उपजत गुण आहे. तो दाबून ठेवायला कष्ट पडतात. गोलंदाज धावत येताना नजर काढून घ्यायची सवय आपण आयुष्यभरात एकदाही केलेली नसते. नजर परत आणली तरी मन लगेच परत येत नाही, हेही मोजलं गेलं आहे. यूटा विद्यापीठातल्या चमूने २०१५ मध्ये गाड्यांमधल्या आवाजी आज्ञांच्या प्रणाल्या तपासल्या. डोळे रस्त्यावरच होते, तरी सगळ्यात किचकट प्रणाली वापरून झाल्यावर चालकाचं लक्ष पूर्ववत व्हायला २७ सेकंदांपर्यंत वेळ गेला.

खटका बसवणाऱ्यांची एक तक्रार मात्र मला पटते. शेजारी बसलेल्या माणसाने का पाहू नये? कोल्हापूर ते मुंबई प्रवासात बाजूला बसलेल्या आईने कीर्तन पाहिलं तर कोणाचं काय बिघडलं? कुलपाला चालक कोण आणि प्रवासी कोण हे कळत नाही, म्हणून ते दोघांनाही अडवतं. टेस्लाने २०२० च्या अखेरीस हा भेद माणसावर सोडला होता. चालत्या गाडीत मधल्या स्क्रीनवर खेळ सुरू करता येत. फक्त "मी प्रवासी आहे" असं बटण दाबायचं. वर्षभराने अमेरिकी सरकारने सुमारे ५,८०,००० गाड्यांबाबत चौकशी सुरू केल्यावर कंपनीने ते बंद केलं.

पण या तक्रारीवर खरा तांत्रिक उपाय आहे, आणि तो फार सुंदर आहे. जत्रेत उभ्या पट्ट्यांची तसबीर मिळते ना, डावीकडून विठोबा आणि उजवीकडून गणपती? शार्प कंपनीने २००५ मध्ये तशी एलसीडी बाजारात आणली. पडद्यासमोर केसांएवढ्या काळ्या पट्ट्यांची जाळी असते. तिच्या फटींतून एका बाजूने सम रांगांचे ठिपके दिसतात, दुसऱ्या बाजूने विषम. एका रांगेत नकाशा भरायचा, दुसरीत चित्रपट. २००९ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये ही सोय आली. चालकाला नकाशा, शेजाऱ्याला चित्रपट, तेही एकाच काचेवर, आणि शेजाऱ्याच्या कानाला बिनतारी हेडफोन. प्रत्येकाच्या वाट्याला निम्मे ठिपके आणि कमी उजेड येतो, एवढीच किंमत. हे महागड्या गाड्यांतच अडकून राहावं याची मला खंत वाटते.

कुलपाची बाजू घेताना दुसऱ्या अंगाचंही बोललं पाहिजे. व्हिडिओ बंद करणाऱ्या कंपन्यांनीच एसीचा गोल खटका काढून तो स्क्रीनच्या मेन्यूत नेला. स्वीडनच्या 'व्ही बिलॅगारे' मासिकाने २०२२ मध्ये ताशी ११० किलोमीटर वेगात चार साधी कामं करून पाहिली. २००५ सालच्या बटणांच्या व्हॉल्वोमध्ये ती १० सेकंदांत झाली, ३०६ मीटरमध्ये. सगळ्यात मागे राहिलेल्या नव्या टचस्क्रीन गाडीत जवळपास ४५ सेकंद लागले, म्हणजे १,३७२ मीटर. त्या कामांना कुठलंच कुलूप नव्हतं. युरोपातली सुरक्षा-मानांकन संस्था युरो एनकॅप आता इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या गोष्टींना हाताला लागणारं बटण असेल तरच पूर्ण गुण देते आहे, ते उगीच नाही.

आपल्याकडे सुरक्षेची यंत्रणा गप्प करण्याची सवय केवळ स्क्रीनपुरती नाही. सीट बेल्टचा गजर बंद करणाऱ्या क्लिपा तर राजरोस विकल्या जात होत्या. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना त्या काढायला लावल्या, तेव्हा १३,११८ नोंदी हटवल्या गेल्या. जपानने १ डिसेंबर २०१९ पासून चालवताना हातात फोन धरण्याचा किंवा स्क्रीनकडे टक लावून बघण्याचा दंड साध्या मोटारीसाठी ६,००० वरून १८,००० येनवर नेला. किट बसवलेलं असो वा नसो, तिथे प्रश्न डोळे कुठे होते याचा असतो.

त्या दिवशी इलेक्ट्रिशियननी काळी वायर बोल्टखालून सोडवली, टोकाला टेप गुंडाळली, आणि हिरवी वायर गालिच्याखालून हँडब्रेकच्या बटणाकडे ओढून नेली. अर्धा तास लागला. मग त्यांनी मला बसायला सांगितलं. दांडा ओढला, लाल दिवा लागला, चित्र आलं. दांडा सोडला, दिवा गेला, चित्र गेलं. रिव्हर्स टाकून पाहिला. मागचा कॅमेरा नीट चालू होता, त्याची वायर वेगळीच असते. काढलेला खटका त्यांनी त्यांच्या पिशवीत टाकला.