समजावणाऱ्या बाई आणि शिकवणाऱ्या बाई: प्राथमिक शाळेतली दोन दारं

पालकसभा संपली की एखादी आई हमखास मागे रेंगाळते. "मॅडम, हा लिहायला बसतच नाही. जरा समजावा ना याला."

मी प्राथमिक शाळेत समुपदेशक आहे. शेजारच्या खोलीत विशेष शिक्षिका बसतात. दोन खोल्यांच्या मधे पाण्याचं एक पिंप आहे, पण पालकांच्या मनात तेवढंही अंतर नसतं. "त्या दोघी ना, मागे पडलेल्या मुलांना बघतात," एवढ्यावर सगळं आटपतं.

यात शब्दांचाही दोष आहे. समुपदेशन हा शब्द आपण फार स्वस्त करून ठेवलाय. बिनहेल्मेट माणसाला थांबवून पोलीस त्याचं समुपदेशन करतात, जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना गावंही समुपदेशनानेच मिळतात. मग लोकांना वाटतं, चार शहाणपणाचे शब्द ऐकवायचे म्हणजे समुपदेशन. आणि 'विशेष शिक्षक' म्हटलं की आजीच्या पिढीला 'मतिमंद शाळा' हा जुना, बोचरा शब्द आठवतो. त्यामुळे मूल कुठलंही असो, घरचे माझ्याच दाराशी येतात. ते दार कमी लाजेचं वाटतं.

तिसरीतला एक मुलगा असाच आला. मराठीच्या तासाला रोज पोटात दुखायचं, चित्रकलेला कधीच नाही. "नाटकं करतो," हे वर्गाचं मत. आम्ही सतरंजीवर बसून मातीचे बैल केले, गप्पा मारल्या. चार-पाच भेटींनंतर मी त्याचंच पाठ्यपुस्तक उघडून पुढे ठेवलं. त्याने धडा घडाघडा म्हणून दाखवला. बोट मात्र दोन ओळी खाली होतं. अख्खा धडा पाठ होता! मग मी कागदावर 'घर' लिहिलं, त्याने 'धर' वाचलं. वहीत वेलांट्या कुठेही, जोडाक्षरांच्या जागी नुसती गिचमीड.

इथे माझं समजावणं काय कामाचं? मी त्याला पिंपापलीकडे घेऊन गेले.

विशेष शिक्षिका त्याला रागावल्या नाहीत आणि समजावतही बसल्या नाहीत. कुठली अक्षरं पक्की, कुठली डळमळीत, हे त्यांनी आधी पाहिलं. घ-ध, भ-म या जोड्या अडत होत्या. 'ढ' मात्र त्याने झटक्यात ओळखला. का, ते नंतर कळलं. त्याच्या बाकावर कुणीतरी तो करकटकाने कोरून ठेवला होता.

त्यांनी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा लिहिला: या सहा आठवड्यांत एवढी अक्षरं, एवढे शब्द, त्याहून जास्त काही नाही. ताटात रवा पसरून बोटाने अक्षर गिरवायचं आणि त्याच वेळी त्याचा आवाज मोठ्याने काढायचा. शब्द टाळ्या वाजवत फोडायचा: पा-ट-लीण. वर्गशिक्षिकेला सांगितलं, फळ्यावरचं सगळं उतरवून घेऊ नका, काही उत्तरं तोंडी घ्या.

आता उलटी गोष्ट. दुसरीतली मुलगी, दुसऱ्या सत्रात अक्षर बिघडलं, गृहपाठ अर्धवट, प्रश्न विचारला तर गप्प. वर्गशिक्षिकेने चिठ्ठीवर 'लर्निंग डिसॅबिलिटी?' असं लिहून तिला थेट विशेष शिक्षिकेकडे धाडलं. त्यांनी पहिलीच्या वह्या मागवल्या. त्या अगदी नीटनेटक्या होत्या. "अगं, ही वाचनाची अडचण नाही. ही तुझ्याकडची," म्हणून त्या तिला माझ्याकडे घेऊन आल्या.

आई हॉस्पिटलात होती. शाळा सुटल्यावर न्यायला कधी आत्या, कधी शेजारचे काका, कधी बाबा. आज कोण येणार हे मुलीला माहीत नसायचं, म्हणून ती दिवसभर खिडकीतून फाटकाकडे बघत राहायची. अशा वेळी माझं निम्मं काम खोलीबाहेर असतं. बाबांना इतकंच सांगितलं: रोज सकाळी कंपासपेटीत एक चिठ्ठी ठेवा, 'आज आत्या येईल.' वर्गशिक्षिकेला म्हटलं, आल्या आल्या तिला हजेरीपट आणायचं काम द्या. मी तिच्याबरोबर बाहुल्या घेऊन दवाखाना-दवाखाना खेळले. सगळं आलबेल झालं असं नाही, पण खिडकी सुटली.

म्हणून आम्हा दोघींचा पहिला प्रश्न एकच असतो: आधी जमत होतं का? जमत असलेलं बिघडलं, तर बहुतेक वेळा दार माझं. पहिल्यापासून अडतच असेल, तर शेजारचं. त्याआधी डोळे आणि कान तपासून आणा, हे दोघीही सांगतो. चष्म्याचा नंबर निघाला म्हणून आमच्याकडे पुन्हा न आलेली मुलं काही थोडी नाहीत.

आणखी एक फरक पालकांच्या लक्षात येत नाही. शेजारचा आराखडा सगळ्यांसाठी उघडा असतो. आईने, वर्गशिक्षिकेने, मुख्याध्यापकांनी तो वाचलाच पाहिजे, नाहीतर काम पुढे सरकत नाही. माझ्या खोलीतलं बोलणं मात्र स्टाफरूममध्ये जात नाही. "काय म्हणाला हो तो?" असं चहा घेताना विचारलं गेलं, तर मी चहाच पिते. अपवाद आहे, आणि तो मी मुलांना पहिल्याच भेटीत सांगते: तुला कुणी त्रास देत असेल, तर ते मी मदत करणाऱ्या मोठ्यांना सांगणार. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तरी 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, समुपदेशकालाही. मुलांना 1098 हा हेल्पलाइन नंबर आम्ही पाढ्यासारखा पाठ करून घेतो.

शिक्षणाचं म्हणाल, तर विशेष शिक्षकांकडे विशेष शिक्षणाची पदविका किंवा बी.एड. असतं आणि भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी लागते. समुपदेशक मानसशास्त्रातून किंवा समाजकार्यातून आलेले असतात, पण नुसत्या पाटीवरून ते कळत नाही. खुशाल विचारा, आम्हाला राग येत नाही.

प्रमाणपत्र मात्र दोघींपैकी कुणीच देत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता (लर्निंग डिसॅबिलिटी) येते, पण तिचा दाखला ठरलेल्या सरकारी रुग्णालयांतून तपासणीनंतरच मिळतो. मुंबईकरांना सायनचं रुग्णालय ठाऊक असेल. वयाची आठ वर्षं पूर्ण होण्याआधी तो सहसा देत नाहीत. पहिलीतल्या मुलासाठी "लिहून द्या" म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते. रव्याचं ताट मात्र पहिलीतही घेता येतं, त्याला दाखला लागत नाही.

दोघीही एका शाळेत असणं ही चैन आहे, हेही कबूल. सीबीएसईच्या नियमांत ही दोन पदं वेगवेगळी आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांना समग्र शिक्षा या सरकारी योजनेतले विशेष शिक्षक मिळतात, पण एकेकाच्या वाट्याला कितीतरी गावं. विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे प्राथमिकला एक विशेष शिक्षक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये म्हटलंय. समुपदेशकाचं काम जिल्हा परिषदेच्या शाळांत बहुधा वर्गातल्या बाईंवरच येऊन पडतं.

तो तिसरीतला मुलगा आता चौथीत आहे. मंगळवारी शेजारी जातो, गुरुवारी माझ्याकडे येतो. अक्षरं सुधारताहेत, पण मोठ्याने वाचायची वेळ आली की अजून हात ओले होतात. तो भाग माझा. बाक बदलून घेतला. नवीन बाकावर काही कोरलेलं नाही, ते त्याने स्वतः तपासून घेतलं.

तेव्हा पालकसभेनंतर थांबणार असाल, तर मुलाच्या मागच्या वर्षीच्या वह्या बरोबर आणा. जूनमध्ये त्या रद्दीवाल्याला घालू नका. कुठल्या दाराशी जायचं, ते त्या वह्या बघून दोघी मिळून ठरवू.