ॲप काढण्याआधी: छोट्या व्यवसायासाठी मोबाइलचं नियोजन

‘आम्हालाही ॲप करून द्या’ असं म्हणत येणाऱ्या व्यावसायिकांसाठी हे पत्रक आहे. सगळी गिऱ्हाइकं मोबाइलवर आहेत, हे खरंच. पण म्हणून प्रत्येकाला ॲप लागतं असं नाही. आधी एवढं पाहा: तेच गिऱ्हाईक तुमच्याकडे किती वेळा येतं? मंगल कार्यालय लोक घरात लग्न ठरलं की शोधतात. त्यासाठी कुणी ॲप घेत नाही आणि घेतलंच तरी तारीख पक्की झाली की काढून टाकतं. पाण्याचे जार रोज पोचवणाऱ्याचं किंवा सेल्समन फिरवणाऱ्या वितरकाचं गणित मात्र वेगळं असतं.

ॲपआधीची कामं

गुगल मॅप्सवरची नोंद फुकट आहे. खूण नेमकी तुमच्या दारावर हवी. मागच्या गल्लीत पडली तर माणूस तिथेच घिरट्या घालतो. दुपारी दुकान बंद असेल तर वेळा दोन भागांत भरा. गणपती-दिवाळीच्या सुट्ट्याही आधीच टाका.

वेबसाइट बनवणाऱ्याच्या लॅपटॉपवर नको, साध्या अँड्रॉइड फोनवर तपासा. वाय-फाय बंद करा आणि उन्हात उभं राहून पाहा. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसायला हवा. उशीर होतो तो बहुधा फोटोंमुळे, कारण फोनने काढलेला ३-४ एमबीचा फोटो तसाच चढवलेला असतो. १२०० पिक्सेल रुंदी आणि १५० केबीच्या आतली वेबपी (फोटो हलका ठेवणारा प्रकार) फाइल पुरते. दरपत्रक पीडीएफमध्ये ठेवू नका. ए-४ आकाराचं पान फोनवर वाचताना माणूस बोटांनी मोठं करतो, सरकवतो आणि कंटाळून बंद करतो. फोन नंबर चित्रात नको, बोट लावताच फोन लागला पाहिजे. गुगलही आता वेबसाइटचं मोबाइलवरचं रूप धरूनच शोधासाठी नोंद घेतं, त्यामुळे मोबाइलवरून गाळलेला मजकूर शोधात मोजला जात नाही.

फॉर्ममधली एक चूक फार आढळते. मराठी कीबोर्डवरून नंबर देवनागरी आकड्यांत येतो आणि फॉर्म ‘नंबर चुकीचा आहे’ म्हणतो. बिचाऱ्या माणसाला आपलं काय चुकलं ते कळत नाही. त्या रकान्याला थेट आकड्यांचा कीपॅड उघडायला हवा आणि देवनागरी आकडे आलेच तर फॉर्मने ते स्वतः बदलून घ्यावेत.

व्हॉट्सॲप बिझनेससाठी नंबर दुकानाचा हवा, नोकराचा नको. तो काम सोडून गेला की सगळं संभाषण त्याच्याबरोबर जातं. दुकानाची लँडलाइनही चालते, पडताळणीचा कोड फोन करून सांगितला जातो. एकच निरोप अनेकांना एकदम पाठवायच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून बिल देतानाच नंबर सेव्ह करायला सांगा. विकत घेतलेल्या याद्यांवर निरोप टाकू नका, तक्रारी झाल्या की नंबरच बंद होतो.

एसएमएस पाठवायचे तर डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर, आधी संस्थेची, मग हेडरची (एसएमएसवर पाठवणाऱ्याचं म्हणून दिसणारं नाव) आणि मजकुराच्या नमुन्याची नोंदणी लागते. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा असतो, मराठी ७० चा. इंग्रजी मजकुरात नुसतं ₹ हे चिन्ह टाकलं तरी मर्यादा ७० वर येते आणि एका निरोपाला दोन किंवा तीन एसएमएसचे पैसे लागतात.

ॲप खरंच लागतं तेव्हा

वितरकाच्या सेल्समनचं उदाहरण घ्या. घाटातल्या गावात रेंज नसते, पण ऑर्डर तर घ्यायचीच असते. ॲपने ती फोनमध्ये साठवून रेंज आल्यावर पाठवावी. इथे हमखास घोळ होतो: रेंज अर्धवट असताना ऑर्डर पोचते, पण पोच परत येत नाही. फोन ती पुन्हा पाठवतो आणि दुकानदाराकडे वीसच्या जागी चाळीस खोकी उतरतात. म्हणून प्रत्येक ऑर्डरला क्रमांक फोनवरच मिळाला पाहिजे. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने ती ऑर्डर धरू नये. साठ्याच्या आकड्याशेजारी तो किती वाजताचा आहे हेही दिसावं, नाहीतर सेल्समन सकाळच्या साठ्यावर संध्याकाळी शब्द देऊन बसतो.

खर्च बनवण्यापाशी संपत नाही. गुगल प्लेच्या खात्याला एकदाच २५ डॉलर लागतात, ॲपलला दरवर्षी ९९. आपली गिऱ्हाइकं बहुतांशी अँड्रॉइडवर असतील तर आयफोनचं ॲप नंतर करा. प्लेवर नव्या वैयक्तिक खात्याला आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते, त्यामुळे ‘दसऱ्याला चालू करू’ म्हणताना हे दिवस धरा. शिवाय नव्या अँड्रॉइडसाठी ॲप दरवर्षी सुधारावं लागतं. वेळेत केलं नाही, तर पुढे नवा फोन घेतलेल्यांना ते प्लेवर दिसेनासं होतं. हा देखभालीचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात लिहून मागा.

डोमेन (वेबसाइटचा पत्ता), गुगलची नोंद, प्लेचं खातं आणि ॲपची साइनिंग की (ॲपवर डिजिटल सही करणारी किल्ली) या चारही गोष्टी मालकाच्या नावावर आणि ताब्यात हव्यात. काम आम्ही करू वा दुसरं कुणी, हे करारात आधी लिहून घ्या आणि त्यानंतरच आगाऊ रक्कम द्या.