सेनापतीला टिपणं आणि हत्या: गल्लत नेमकी कुठे होते

शत्रूचा एखादा बडा सेनानी हेरून मारला, की ‘ही तर हत्या’ असा ओरडा सुरू होतो. समोरून उत्तर येतं, ‘युद्धात सगळं माफ असतं.’ दोन्ही साफ चूक आहे, आणि दरवेळी तेच ऐकून वीट आलाय.

शांततेच्या काळात राजकीय हेतूने माणूस मारणं हा खून, त्यात खल करण्यासारखं काही नाही. अमेरिकेचा 1981 चा 12333 क्रमांकाचा अध्यक्षीय आदेशही सरकारी माणसांना हत्येची मनाई करतो.

घोळ होतो तो युद्धकाळात. तिथे शिपाई असो की सरसेनापती, शरण आलेला किंवा जखमी होऊन पडलेला नसेल तर तो लक्ष्यच. नाव ठरवून, पाळत ठेवून, झोपेत गाठला तरीही. 18 एप्रिल 1943 ला अमेरिकेने हेच केलं. जपानी नौदलाचे सांकेतिक संदेश फोडून त्याच नौदलाचे बडे सेनानी ॲडमिरल यामामोटो यांच्या प्रवासाची वेळ काढली आणि बूगनव्हिल बेटावर पी-38 विमानांनी त्यांचं विमान पाडलं. अख्खी मोहीम एका माणसासाठी, पण लष्करी विमानांनी लष्करी विमानावर केलेला हा हल्ला होता. मला त्यात काहीच बेकायदा दिसत नाही.

मग मनाई कशाला? विश्वासघाताला. युद्धाचे नियम घालून देणाऱ्या 1907 च्या हेग नियमावलीचं कलम 23 दगाबाजीने मारण्यास बंदी घालतं. जिनिव्हा करारांना 1977 मध्ये जोडलेल्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचं कलम 37 ते उलगडून सांगतं: शरण आल्याचं, जखमी असल्याचं किंवा सामान्य नागरिक असल्याचं सोंग घेऊन विश्वास मिळवायचा आणि मग मारायचं, हे निषिद्ध. दबा धरणं, छद्मावरण, खोट्या हालचाली, दिशाभूल करणारे संदेश मात्र चालतात. लोक नेमकं इथेच घसरतात; बेसावध गाठण्यालाच दगा म्हणतात. पांढऱ्या निशाणाआडून एकदा गोळी सुटली, की पुढच्या खऱ्या निशाणावर कोण भरवसा ठेवणार? कायदा जपतो तो हा भरवसा.

म्हणूनच हायड्रिख या बड्या नाझी अधिकाऱ्याचं प्रकरण अवघड आहे. 27 मे 1942 ला प्रागमध्ये गाब्चिक आणि कुबिश हे चेकोस्लोव्हाक सैनिक त्याला मारायला साध्या कपड्यांत वळणावर थांबले होते. गाब्चिकची स्टेनगन ऐनवेळी चाललीच नाही, तेव्हा कुबिशने बॉम्ब फेकला. हायड्रिख 4 जूनला मेला. त्याच्याबद्दल मला तसूभर कळवळा नाही आणि त्या दोघांच्या धैर्यापुढे मान झुकते. तरीही कायद्याच्या अंगाने खटकतो तो त्यांचा नागरी वेश. नेम एकाच माणसावर धरला होता, याला आक्षेप नाही.