उत्तर पुण्यातच छापलं

बायकांबद्दल कुठे काहीबाही छापून आलं आणि बायकांनी त्यावर आवाज चढवला, की "हल्ली कशाचाही राग येतो यांना" म्हणणारे काका पुण्यात हमखास भेटतात. त्यांचं हे 'हल्ली' निदान १८८२ पासून चालू आहे.

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात बाळाला मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली. अपिलात शिक्षा कमी झाली. त्या निमित्ताने 'पुणे वैभव' पत्राने समस्त बायकांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेतलं. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे भडकल्या. त्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली आणि मुद्दाम असो वा सोयीने, छापली ती पुण्यातच, शिवाजी छापखान्यात. प्रती ५००, किंमत नऊ आणे. जे दुर्गुण बाईच्या माथी मारता ते पुरुषात नाहीत का, हा त्यांचा सवाल. बायको मेली की नवरा लगेच दुसरी करून आणतो आणि विधवेने मात्र जन्म अंधारात काढायचा, यावर तर त्यांनी लेखणीने अक्षरशः फटके ओढलेत. टीका झाली. जोतीराव फुल्यांनी आपल्या 'सत्सार' या पत्रिकेत ताराबाईंची बाजू घेतली, पण पुस्तक विस्मरणात गेलं ते गेलंच. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं १९७५ साली. मधली ९३ वर्षं या शहरात छापखान्यांचा तोटा नव्हता, हे विसरू नये.

त्याच १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी पुण्यात शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे मराठीतून साक्ष दिली. बायका पुरुष डॉक्टरला दुखणं सांगत नाहीत आणि त्यापायी मरतात, तेव्हा बायकांना डॉक्टर करा, अशी त्यांची मागणी होती. आनंदीबाई जोशींना ही गोष्ट अनुभवाने ठाऊक होती. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं मूल दहा दिवसांत गेलं होतं. १८८६ साली अमेरिकेत एम.डी. होऊन त्या परतल्या आणि रुग्ण तपासण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात वारल्या.

नोकरीच्या बाबतीत एक पोस्टकार्ड प्रसिद्ध आहे. १९७४ साली टेल्को या टाटांच्या मोटार कंपनीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असं वाचून सुधा कुलकर्णींनी (पुढे मूर्ती) थेट जे. आर. डी. टाटांना लिहिलं. मुलाखतीला पुण्याला बोलावणं आलं, नोकरीही मिळाली. ही कथा आपण एक धीट मुलगी आणि एक दिलदार उद्योगपती अशी सांगतो. पण बाईने कारखान्यात संध्याकाळी ७ ते सकाळी ६ काम करू नये, असं १९४८ चा कारखाने कायदाच सांगत होता. त्याला पोस्टकार्ड पुरणार नव्हतं.

१९८२ मध्ये मंजुश्री सारडासह सुनांच्या सासरी झालेल्या मृत्यूंनी पुणं हादरलं. विद्या बाळ आणि सहकाऱ्यांनी नारी समता मंच उभा केला. 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन घेऊन बायका गावोगाव फिरल्या. 'स्त्री' मासिकाचं संपादन केलेल्या विद्याताईंनी १९८९ साली 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं. पुन्हा छापखानाच.

मग फेब्रुवारी १९९४. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण काय, तर पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही. संघटना रस्त्यावर आल्या, पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. माझ्या मते पुण्यातल्या स्त्री-आरोग्याच्या चळवळीने विचारलेला सर्वांत नेमका प्रश्न तेव्हाचाच: देखभालीला माणसं कमी पडतात, तर कापायचं मुलींना का? हीच गोष्ट २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांबाबत वेगळ्या वेशात पुढे आली. ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पाळीत खाडा झाला तर पैसे कापले जाणार. तिथे गर्भाशय काढून टाकणं हा कामाचाच हिशोब होऊन बसला.

कामाची जागा आणि पाळी, दोन्हींचा भार पुण्यात सर्वांत जास्त कुणी उचलला असेल तर कचरावेचक बायकांनी. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून त्यांची संघटना. दारोदारचा कचरा उघड्या हातांनी निवडताना वापरलेले पॅड हाती येत. २०१३ मध्ये 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या बायकांनी ते पॅड भरलेल्या पिशव्या उत्पादक कंपन्यांनाच परत पाठवल्या. २०१६ च्या घनकचरा नियमांत पॅडसोबत गुंडाळायला पिशवी देण्याची जबाबदारी उत्पादकावर आली. ती पिशवी काही घरोघर पोचली नाही, म्हणून पुढच्याच वर्षी 'स्वच्छ'ने पुणेकरांना सांगितलं: पॅड वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे न उघडता आत काय आहे ते कळेल.