भिंतीला घाम फुटतो तेव्हा

अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरांत एल्क या थोराड हरणाची बंदुकीने शिकार करण्याचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतो. मुक्काम बऱ्याचदा नऊ-दहा हजार फुटांवर, आणि रात्री पारा शून्याच्या बराच खाली. अशा मुक्कामासाठी कॅम्पर, म्हणजे गाडीवर बसवायची किंवा ट्रेलरसारखी मागे ओढायची झोपायची खोली, घेताना सगळे आधी हीटर बघतात. माझ्या मते आधी ओल बघावी.

झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून पाव लिटरहून जास्त पाणी हवेत सोडतो. बर्फात भिजलेले बूट आणि जॅकेटं आतच वाळत असतात. त्यात धुराडं नसलेला गॅसचा हीटर पेटवला, तर एक किलो प्रोपेन जळताना सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ होते. ही वाफ सर्वांत थंड जागा शोधते. काही कॅम्परच्या भिंतीत ॲल्युमिनियमचा सांगाडा असतो, आणि ॲल्युमिनियममधून लाकडाच्या हजारपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहते. सकाळी आतल्या भिंतीवर त्या सांगाड्याच्या रेषा ओल्याचिंब उमटलेल्या दिसतात, छतातल्या स्क्रूच्या टोकांवर बर्फाचे पांढरे दाणे धरलेले असतात. म्हणून हीटर असा हवा, ज्याची ज्योत बंद पेटीत जळते आणि धूर नळीने बाहेर जातो. कार्बन मोनॉक्साइडचा धोकाही त्यानेच कमी होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. त्याचा अलार्म हवाच, आणि छताची खिडकी दोन बोटं उघडी हवी.

आता आकार. पिकअपच्या हौद्यात बसणारा, अडीच मीटर लांब आणि दोन-दोन मीटर रुंद-उंच कॅम्पर धरा. भिंतीत पाच सेंटिमीटर फोम, आत १५ अंश, बाहेर उणे १५. खिडक्या सोडल्या तर त्यातून साधारण ६०० वॅट उष्णता निसटते. सात मीटरच्या ट्रेलरमधून तेवढ्याच फोममागे जवळपास १५०० वॅट. शिवाय बर्फाळ जंगलवाटेवर मागे ट्रेलर ओढणं अवघड. कापडी भिंतींचा उघडणारा कॅम्पर हलका आणि स्वस्त, पण कापड ऊब धरत नाही. वायोमिंग, मोंटानातल्या ग्रिझली अस्वलांच्या मुलखात तर मी त्यात झोपणार नाही.

ट्रेलरच घ्यायचा असेल तर खाली वाकून पाण्याच्या टाक्या बघाव्यात. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, उघड्या टाक्या आणि नळ्या तडकतात. लिथियम बॅटरीही आतच हवी. शून्याखाली चार्ज केली की आत धातूचा थर साचतो आणि ती कायमची दुबळी होते.

जुना कॅम्पर घेत असाल, तर गादी उचलून खालच्या फळीवर आणि छताच्या कोपऱ्यांत अंगठा दाबून बघा. लाकूड दबलं, तर हीटर कितीही चांगला असला तरी तो कॅम्पर घेऊ नका.