एकाच छातीची दोन मापं

समजा, एका बाईच्या छातीखालचा, म्हणजे स्तन संपतात तिथला बरगड्यांभोवतीचा घेर 30 इंच आहे आणि स्तनांच्या सर्वांत पुढे आलेल्या भागावरून घेतलेला घेर 35 इंच. एका पद्धतीने हिशेब केला तर तिच्या ब्राचं माप 34 ए येतं. दुसऱ्या पद्धतीने केला तर 30 डीडी. टेप तीच, शरीर तेच, घेतलेली मापंही तीच. तरी एक उत्तर तिला सांगतं की तुझे स्तन अगदी लहान आहेत आणि दुसरं सांगतं की ते भरदार आहेत.

ब्राच्या खरेदीतला निम्मा मनस्ताप इथूनच सुरू होतो, म्हणून हा फरक कुठून येतो ते आधी बघू. मापातला आकडा बँडचा असतो, म्हणजे छातीभोवती फिरणाऱ्या पट्ट्याचा. अक्षर असतं कपाचं. पण ते अक्षर म्हणजे स्तनाचं थेट माप नव्हे, ते एका वजाबाकीचं उत्तर आहे. स्तनांवरून घेतलेल्या घेरातून बँडचा आकडा वजा करायचा. एक इंच उरला तर ए, दोन उरले तर बी, तीन उरले तर सी, चार उरले तर डी आणि पाच उरले तर डीडी. जुन्या पद्धतीत छातीखालच्या मापात आधी चार इंच मिळवतात. मग 30 चे 34 होतात आणि वजाबाकीत एकच इंच उरतो. नव्या पद्धतीत काहीच मिळवत नाहीत, त्यामुळे पाच उरतात.

कापड ताणलं जात नव्हतं तेव्हा श्वासाला आणि हालचालीला जागा ठेवावीच लागायची, म्हणून त्या चार इंचांना काही अर्थ होता. 1958 मध्ये ड्यूपाँट कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनी स्पॅन्डेक्स हा धागा तयार केला, ज्याला आपण लायक्रा म्हणून ओळखतो. बँड त्यानंतर स्वतःच ताणला जाऊ लागला, पण मिळवायचे चार इंच कित्येक तक्त्यांमध्ये तसेच राहिले. परिणाम असा की बँड सैल मिळतो आणि कप लहान. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 मध्ये हे पडताळून पाहिलं. टेपने काढलेलं माप आणि ब्रा प्रत्यक्ष अंगावर चढवून, ती कशी बसते ते तपासून ठरवलेलं माप यांची त्यांनी तुलना केली. टेपने बहुतेक बायकांना गरजेपेक्षा मोठा बँड आणि लहान कप सांगितला होता.

ही अक्षरं तशी फार जुनी नाहीत. मेरी फेल्प्स जेकब या अमेरिकन तरुणीने 1914 मध्ये ब्राचं पेटंट घेतलं, तेव्हा कपांची मापं हा प्रकारच नव्हता. 1932 मध्ये एस. एच. कँप या कंपनीने ए ते डी ही अक्षरं वापरायला सुरुवात केली. 1937 पासून वॉर्नर कंपनीही आपल्या ब्रांवर ती अक्षरं छापू लागली. चारच अक्षरं होती, त्यामुळे डी म्हणजे शेवटचं, म्हणजे सर्वांत मोठं, अशी समजूत घट्ट झाली. आज डीच्या पुढे बरीच अक्षरं आहेत, पण मनातली जुनी शिडी अजून डीपाशीच संपते.

अक्षर वजाबाकीचं असल्यामुळे एकटं अक्षर काहीच सांगत नाही. 32 सी आणि 38 सी या दोन्हींवर सी लिहिलेलं असतं, पण 38 सीच्या कपात कितीतरी जास्त ऊती मावते. उलट 32 डी, 34 सी आणि 36 बी या तिन्ही ब्रांच्या कपांचं आकारमान जवळपास सारखंच असतं. बँड एक पायरी वाढला की कपाचं अक्षर एक पायरी उतरवायचं, हा त्यामागचा नियम. दुकानात 34 सी शिल्लक नसते तेव्हा 36 बी पुढे केली जाते ती याच आधारावर. कपाचं काम त्यात भागतंही, पण बँड दोन इंचांनी सैल येतो आणि पुढचा सगळा त्रास त्या सैल बँडातून निघतो.

मला सर्वांत जास्त खुपते ती यापुढची गोष्ट. 34 बी वापरणाऱ्या बाईला कुणी सांगितलं की तुला खरं तर 30 डीडी बसेल, तर ती पटकन म्हणते, "छे, मी कुठे एवढी!" सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला ए हे अक्षर कमीपणाचं वाटतं आणि तिच्या मैत्रिणीला ई या अक्षराची लाज वाटते. दोघीही एका वजाबाकीच्या उत्तराला स्वतःचं वर्णन समजत असतात. त्या अक्षराशी जुळवून घ्यायला म्हणून चुकीची ब्रा वर्षानुवर्षं घातली जाते आणि खांद्यावर पडलेल्या खळग्यांना बाईच आपल्या शरीराचा दोष मानते.

बँडला इतकं महत्त्व का, हे कळायला स्तन कशाचा बनला आहे ते बघावं लागतं. त्यात दूध तयार करणाऱ्या ग्रंथींचे साधारण 15 ते 20 खंड असतात, त्यांच्या अवतीभवती चरबी असते आणि या सगळ्यातून जाणारे संयोजी ऊतीचे, म्हणजे शरीराचे भाग जोडून धरणाऱ्या ऊतीचे, पातळ धागे असतात. या धाग्यांना कूपरचे अस्थिबंध म्हणतात. इंग्लिश शल्यचिकित्सक ॲस्टली कूपर यांनी 1840 मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. स्तनाला उचलून धरणारा स्नायू मात्र स्तनात नसतो. स्नायू आहे तो मागे, छातीच्या भिंतीवर. व्यायामाने तो बळकट होतो, पण स्तन स्वतः व्यायामाने घट्ट होत नाही. त्याला आतून आधार आहे तो त्वचेचा आणि त्या पातळ धाग्यांचा, एवढाच.

बाहेरून मिळणाऱ्या आधारात मुख्य भार बँडने घ्यायला हवा. बँड बरगड्यांभोवती नीट बसला की वजन धडावर विभागलं जातं. तो सैल असेल तर पाठीमागून वर सरकतो, पुढचा भाग खाली झुकतो आणि वजन खांद्याच्या पट्ट्यांवर येतं. मग बाई पट्ट्या आणखी आवळते, त्या ओढीने बँड मागून आणखी वर चढतो आणि खांदे, मान दुखायला लागतात.

धावताना तर हे फारच जाणवतं. स्तन नुसता वर-खाली हलतो असं आपल्याला वाटतं, पण पोर्ट्समथच्या प्रयोगशाळेत जोआना स्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीरावर खुणा लावून कॅमेऱ्यांनी मोजलं, तेव्हा तो डावी-उजवीकडे आणि पुढे-मागेही हलताना दिसला. त्याचा मार्ग साधारण इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा असतो. नुसतं घट्ट दाबून ठेवणारं कापड म्हणूनच पुरत नाही, विशेषतः मोठ्या स्तनांना. तिथे प्रत्येक स्तनाला वेगळा कप आणि भक्कम बँड लागतो. धावण्यासाठीची पहिली स्पोर्ट्स ब्रा 1977 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात तयार झाली. लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर यांनी पुरुष खेळाडूंचे दोन लंगोट एकमेकांना शिवून तिचा पहिला नमुना बनवला होता.

2012 च्या लंडन मॅरेथॉनमधल्या 1,285 स्त्री धावपटूंना प्रश्न विचारले तेव्हा जवळपास एक तृतीयांश जणींनी स्तन दुखत असल्याचं सांगितलं. या मॅरेथॉन धावणाऱ्या, सराव असलेल्या बायका होत्या. शाळकरी मुलींचं काय होत असेल? ब्रिटनमधल्या 11 ते 18 वयाच्या 2,089 मुलींच्या पाहणीत 46 टक्के मुली म्हणाल्या की स्तनांमुळे त्यांच्या खेळात भाग घेण्यावर परिणाम होतो. त्या पाहणीतल्या 87 टक्के मुलींना स्तनांबद्दल अधिक माहिती हवी होती. हा आकडा मला फार बोलका वाटतो. मैदान सोडून कडेला बसणाऱ्या मुलीला "आळशी" म्हणण्याआधी, तिच्याकडे धड बसणारी ब्रा आहे का हे घरातल्या एका तरी मोठ्या बाईने विचारायला हवं.

दुखण्यावर उपाय म्हणूनही ब्राकडे गंभीरपणे पाहिलं गेलं आहे. 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्तन दुखण्याची तक्रार असलेल्या 200 स्त्रियांपैकी निम्म्या जणींना डॅनॅझॉल हे औषध दिलं आणि निम्म्या जणींना स्पोर्ट्स ब्रा वापरायला सांगितली. औषधाने 58 टक्के जणींना आराम पडला, ब्राने 85 टक्के जणींना, आणि औषध घेणाऱ्यांपैकी अनेकींना दुष्परिणाम सोसावे लागले ते वेगळेच.

एक-दोन भीती मात्र बाजूला ठेवता येतात. वायरची, म्हणजे कपाच्या खालच्या कडेला तार असलेली ब्रा घातल्याने कर्करोग होतो ही त्यातली एक. सिएटलमधल्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्राने 2014 मध्ये, पाळी गेलेल्या सुमारे 1,500 स्त्रियांचा अभ्यास केला. वायर असो वा नसो, ब्रा दिवसातून कितीही तास घातलेली असो, स्तनाच्या कर्करोगाशी तिचा संबंध आढळला नाही. दुसरी भीती बाळाला पाजल्याने स्तन ओघळतात ही. वय, वजन, गर्भारपणांची संख्या आणि धूम्रपान यांचा परिणाम होतो, पाजण्याचा होत नाही, असं ब्रायन रिंकर यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं.

आता ट्रायल रूममध्ये जाऊ. ब्रा घालून झाली की किंचित पुढे वाका, काखेकडची ऊती हाताने पुढे घेऊन कपात नीट बसवा आणि मग सरळ उभं राहा. बरेच कप याच टप्प्यावर लहान ठरतात, कारण आधी निम्मा स्तन वायरच्या बाहेर, काखेत राहिलेला असतो. बँड पाठीवर आडवा, जमिनीला समांतर हवा. त्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत, मूठ नव्हे. दोन कपांमधला तुकडा छातीच्या मधल्या हाडाला टेकलेला हवा. तो अधांतरी असेल तर बहुतेक वेळा कप लहान असतो. वायर स्तनाच्या मुळाशी, वळीत बसावी, स्तनावर चढू नये. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या, सैल हुकावर बसायला हवी. वापराने इलॅस्टिक ढिलं पडतं आणि आतले हूक तेव्हा कामाला येतात.

बँडचा अंदाज येत नसेल तर ब्रा उलटी, म्हणजे कप पाठीकडे आणि हूक पुढे, अशी लावून बघा. स्तन मध्ये नसल्यामुळे नुसत्या बँडचा घट्टपणा कळतो. तो असा ठीक वाटला आणि सरळ घातल्यावर आवळला, तर दोष बँडचा नसून कप लहान आहे. एक स्तन दुसऱ्यापेक्षा मोठा असणं अगदी सर्वसाधारण आहे. माप मोठ्या बाजूचं घ्यावं आणि लहान बाजूची पट्टी थोडी आवळावी. पाळीच्या आधी स्तन भरतात, वजन बदललं की बदलतात, गर्भारपणात आणि पाळी जाण्याच्या वयात तर फारच. पाच वर्षांपूर्वीचं माप आज लागू पडलंच पाहिजे असं काही नाही.

त्या छोट्या खोलीत आपल्याला इतकं वाईट का वाटतं, यावरही प्रयोग झाले आहेत. मानसशास्त्रज्ञ बार्बरा फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये कॉलेजातल्या तरुण-तरुणींना आरशासमोर एकट्याने एकतर स्वेटर किंवा पोहण्याचा पोशाख घालायला लावला आणि मग त्याच अवस्थेत गणितं सोडवायला दिली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींची गणितं बिघडली, मुलांची नाही. बघणारं कुणीही नव्हतं. स्वतःकडे दुसऱ्याच्या नजरेने पाहण्यातच डोकं गुंतून गेलं होतं. पुढे 2004 मध्ये दुसऱ्या गटाने असाच प्रयोग केला. या वेळी पुरुषांना खरोखर तोकडी, घट्ट चड्डी दिली, आणि त्यांचीही गणितं बिघडली. म्हणजे हा बायकांच्या स्वभावाचा दुबळेपणा नाही. उघडं अंग, आरसा आणि "मी कशी दिसते" हा प्रश्न एकत्र आले की कुणाचंही असंच होतं.

वीरेन स्वामी आणि जगभरातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 40 देशांतल्या 18,541 स्त्रियांना त्यांच्या स्तनांच्या आकाराबद्दल विचारलं. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत सुमारे 48 टक्के जणींना स्तन मोठे हवे होते, 23 टक्के जणींना लहान. आहेत तसे पटलेल्या उरल्या फक्त 29 टक्के. याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली, आणि डॉक्टरांनी ती विशेष लक्षात घ्यायला हवी. ज्यांना आपल्या स्तनांचा आकार जास्त नापसंत होता, त्या स्वतःचे स्तन कमी वेळा तपासत होत्या आणि काही बदल झालाच तर तो आपल्याला ओळखता येईल याची त्यांना खात्रीही कमी होती.

म्हणून नव्या ब्रासाठी आरशासमोर उभं राहाल तेव्हा स्तनांकडे नीट बघून घ्या. वर्षानुवर्षं असलेला लहान-मोठेपणा काळजीचा नसतो. पण अलीकडेच एका बाजूचा आकार बदलला असेल, त्वचेला खळी पडली असेल किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसत असेल, स्तनाग्र आत ओढलं गेलं असेल, त्यातून रक्त किंवा पाणी येत असेल, स्तनात किंवा काखेत गाठ लागत असेल, तर ती दुखत नसली तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.