घराभोवतीचे छोटे साप : ओळख (नाशिक परिसर)

नाशिक शहरात आणि भोवतालच्या वस्त्यांत घरात, अंगणात किंवा कुंपणाशी निघणाऱ्या हात-दीड हातापर्यंत लांबीच्या सापांची ओळख. या लांबीत तीन निरनिराळ्या गटांचे साप येतात : जन्मभर लहानच राहणारे बिनविषारी साप, जन्मभर लहान राहणारे पण विषारी फुरसे, आणि नाग, मण्यार, घोणस यांची पिल्ले. त्यामुळे ‘बारीकच आहे, पिल्लू असेल’ या बोलण्याला काही अर्थ नाही. नागाचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडते तेव्हाच त्याच्याकडे विषही असते आणि विषदंतही.

पावसाळ्याच्या तोंडाशी असे साप जास्त दिसतात. नाग-मण्यारची अंडी त्याच सुमारास फुटतात, घोणस तेव्हाच पिल्ले घालते आणि पहिल्या सरींनी बिळांत पाणी शिरते. गोदावरी चढली की काठच्या वस्त्यांत पाणदिवडही येते. ती चिडकी आहे, कडकडून चावते, पण बिनविषारी आहे. थंडीत पारा दहाच्या खाली उतरू लागला की सापांचे दिसणे एकदम कमी होते.

कुंडीत किंवा मोरीच्या जाळीपाशी दिसणारा वाळा हा यांतला सर्वांत लहान. तो जेमतेम वीतभर, काळपट तपकिरी असतो आणि दहापैकी नऊ वेळा तरी गांडूळ म्हणून झटकला जातो. गांडुळाच्या अंगावर कड्या असतात, ते ओलसर असते आणि लांब-आखूड होत सरकते. वाळा कोरडा, चकचकीत असतो आणि सुळसुळत नागमोडी पळतो. नीट पाहिले तर जीभ लवलवताना दिसते. डोळे खवल्याखाली दोन ठिपक्यांएवढे, शेपटीच्या टोकाला बारीक काटा. तो मुंग्यांची आणि वाळवीची अंडी-अळ्या खातो. या जातीत फक्त माद्याच आढळतात आणि नराशिवाय अंडी घालतात. म्हणूनच रोपांच्या मातीतून एखादी मादी दुसऱ्या देशात पोचली तरी तिथे वाळ्यांची वस्ती उभी राहते.

खरा घोळ होतो तो बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार यांच्यात. कवड्या घरातला साप : पाली हे त्याचे मुख्य खाणे, रात्री फिरणे आणि खरबरीत भिंतीवर सहज चढणे. जुन्या वाड्यांच्या दगडी भिंतींच्या फटी त्याला सोयीच्या, पण तो फ्लॅटच्या गॅलरीतही पोचतो. मण्यारही रात्रीचीच आणि तीही घरात शिरते. दोघांच्या अंगावर गडद रंगावर पांढरट आडवे पट्टे, म्हणून कवड्या मण्यार समजून मारला जातो. उलट गफलत जिवावर बेतते.

रंगावर विसंबू नये. पट्टे कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते पाहावे. कवड्याचे पट्टे मानेपाशी ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारचा पुढचा भाग बऱ्याचदा कोरा असतो, पट्टे त्यामागे सुरू होतात, पुष्कळदा जोडीजोडीने, आणि शेपटीपर्यंत स्पष्ट राहतात. मण्यारच्या पिल्लांत मात्र पुढेही ठिपके-पट्टे असू शकतात, म्हणजे हा नियमही हातचा राखूनच वापरायचा. पट्टेरी कवड्या ही कवड्याची दुसरी जात तर मण्यारसारखी काळसरच असते. व्हॉट्सॲपवर ‘कोणता आहे?’ म्हणून येणाऱ्या फोटोंत डोके असते आणि शेपूट दाराआड. निर्णय नेमका त्या दाराआडच्या भागावर असतो.

कुकरी या बिनविषारी सापाचा हिशेब उलटा : तपकिरी अंगावर काळे पट्टे आणि डोक्यावर बाणासारख्या खुणा.

फुरसे हा उघड्या, खडकाळ माळाचा साप. टेकडीलगतच्या प्लॉटवर तो निघू शकतो. डोके मानेपेक्षा रुंद, त्यावर बाणासारखी खूण, खवले खरखरीत. डिवचले की तो वेटोळे करून अंगावर अंग घासतो आणि करवतीसारखा आवाज येतो. मांजऱ्या हा सौम्य विषाचा, माणसाला धोका नसलेला सापही डोक्यावर खूण बाळगतो आणि वेटोळे करून झेपावतो, पण त्याचे अंग सडपातळ, मान बारीक, खवले गुळगुळीत असतात. घोणसीच्या पिल्लावर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात. डुरक्या घोणस या बिनविषारी सापाचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले, आणि शेपूट आखूड, खडबडीत.

ओळख पटेना तर साप विषारी धरून लांब राहावे, खोलीचे दार लावून फटीत कापड कोंबावे आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. साप मारणे किंवा पकडून बाळगणे वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या विरुद्ध आहे. दंश झाल्यास साप शोधत बसू नये. चिरा देणे, आवळून बांधणे, चोखणे टाळून अवयव हलू न देता रुग्णालय गाठावे. मण्यारचा दंश झोपेत होतो आणि पुष्कळदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाचे पहाटे पोट दुखू लागले, पापण्या जड झाल्या, तर ॲसिडिटीची गोळी शोधण्यात वेळ घालवू नये.

साप निघून गेला आणि कात मागे राहिली, तर तीही सांगते. कात पाण्यात भिजवून उलगडावी. पाठीच्या मधोमध बाजूच्या खवल्यांहून मोठ्या, षट्कोनी खवल्यांची एक रांग दिसली आणि शेपटीखालचे खवले दुभंगलेले नसले, तर ती मण्यारची. कवड्याच्या पाठीवर तशी मोठी रांग नसते आणि शेपटीखालचे खवले दोन-दोन असतात.